विश्लेषण : सीडीपेक्षा व्हिडीओ गेममधली गाणी सरस कशी? ‘मेटॅलिका’च्या वादातून हेडफोन घेणाऱ्यांनी काय शिकावे?

‘मेटॅलिका’ या अमेरिकी हेवी मेटल बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम १२ सप्टेंबर २००८ रोजी बाजारात आला. त्याच दिवशी त्यातली सगळी गाणी ‘गिटार हीरो ३’ या व्हिडीओ गेममध्येही उपलब्ध झाली. थोड्याच दिवसांत चाहत्यांच्या लक्षात आले, की सीडीवर जी गाणी कर्कश आणि फाटल्यासारखी वाटतात, तीच गेममध्ये स्वच्छ ऐकू येतात. गाणी तीच, वादक तेच, मग फरक कशाचा? या प्रश्नातून सुरू झालेला वाद आजही महत्त्वाचा आहे. कारण नवा अल्बम, नवा हेडफोन किंवा नवा गेम ऐकताना ‘याचा साउंड भारी आहे’ असे जे मत आपण देतो, ते अनेकदा फक्त आवाज मोठा असल्यामुळे बनलेले असते.

नेमके काय घडले?

‘डेथ मॅग्नेटिक’ हा मेटॅलिकाचा नववा स्टुडिओ अल्बम. २००३ च्या ‘सेंट अँगर’वर, विशेषत: त्यातल्या ड्रमच्या पत्र्यासारख्या आवाजावर, बरीच टीका झाली होती. त्यामुळे बँडने निर्माता बदलला आणि रिक रुबिन यांच्याकडे सूत्रे दिली. गाणी चाहत्यांना आवडली, अल्बम अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड २००’ यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. तक्रार होती ती ध्वनीची. ड्रमचा प्रत्येक ठोका चिरडल्यासारखा येत होता आणि जोरकस जागी खरखर ऐकू येत होती.

एरवी अशी तक्रार हवेत विरली असती. सीडी अशी ऐकू येते, तर स्टुडिओतच तसे वाजवले असेल, असे म्हणून विषय संपला असता. पण या वेळी तुलनेला दुसरी प्रत हाताशी होती. चाहत्यांनी गेममधला ध्वनी काढून घेतला आणि दोन्हींचे आलेख संगणकावर शेजारी शेजारी ठेवले. गेममधल्या आलेखात उंच-सखल टोके दिसत होती, तर सीडीचा आलेख वरून-खालून कापलेल्या विटेसारखा सपाट होता. अल्बमचे पुन्हा ध्वनिमिश्रण करा, अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन निवेदनावर १० हजारांहून अधिक जणांनी सह्या केल्या.

अल्बमचे मास्टरिंग, म्हणजे सीडीसाठीची अंतिम प्रत तयार करण्याचे काम, टेड जेन्सन या नामवंत अभियंत्याने केले होते. आपल्याकडे ध्वनिफिती आल्या तेव्हाच त्या पुरत्या दाबलेल्या होत्या, असे त्यांनी एका चाहत्याला ई-मेलने कळवले आणि ते पत्र सर्वत्र पसरले. बँडचे ड्रमवादक लार्स उलरिक यांना मात्र काही चुकले असे वाटले नाही. आपण हा अल्बम गाडीत ऐकला आणि तो उत्तम वाजतो, अशी त्यांची भूमिका होती.

‘गिटार हीरो’मध्ये वेगळी प्रत आली कशी?

‘गिटार हीरो’ हा गेम पहिल्यांदा २००५ मध्ये ‘प्लेस्टेशन २’वर आला. त्याबरोबर प्लॅस्टिकची गिटार मिळे. तिच्या मानेवर हिरवे, लाल, पिवळे, निळे आणि नारिंगी अशी पाच बटणे आणि तारा छेडण्याच्या जागी एक पट्टी. पडद्यावर रंगीत ठिपके खाली सरकत येतात, ते ठरलेल्या रेषेवर आले, की त्या रंगाचे बटण दाबून पट्टी छेडायची. वेळ साधली तर गिटार वाजते, चुकली तर ती गप्प होते आणि बाकीचे गाणे पुढे चालू राहते.

गिटार तेवढी गप्प करता यायची असेल, तर ती गाण्यापासून वेगळी असायला हवी. त्यामुळे गेम बनवणाऱ्यांना तयार सीडी पुरत नसे. त्यांना गिटार, बेस, ड्रम, गायन यांचे सुटे ट्रॅक द्यावे लागत. ‘डेथ मॅग्नेटिक’चे असे सुटे ट्रॅक गेमकडे गेले, ते अल्बमवरचे अखेरचे, आवाज दाबून मोठा करण्याचे संस्कार होण्याआधी. म्हणजे गेममधली गाणी मुद्दाम कोणी सुधारलेली नव्हती. ती फक्त बिघडण्याच्या आधीच बाहेर पडली होती.

तेव्हा संगीत उद्योगालाही या गेमची गरज होती. सीडीचा खप घसरत चालला होता आणि ‘गिटार हीरो ३’ने एकट्याने १ अब्ज डॉलरच्या विक्रीचा टप्पा ओलांडला. ‘एरोस्मिथ’ या बँडला स्वत:च्या कोणत्याही अल्बमपेक्षा ‘गिटार हीरो : एरोस्मिथ’ने अधिक पैसे मिळवून दिले, असा दावा ॲक्टिव्हिजन कंपनीचे तत्कालीन प्रमुख बॉबी कोटिक यांनी केला होता. त्यामुळे नवा अल्बम दुकानात आणि गेममध्ये एकाच दिवशी आणणे हा व्यवहार होता. त्यातून सीडीची उणीव उघडी पडेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

सीडीवर आवाजाला ‘छत’ असते म्हणजे काय?

सीडीवर ध्वनी आकड्यांच्या रूपात असतो. दर सेकंदाला ४४,१०० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजून नोंदवली जाते. ही उंची उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ या दरम्यानच लिहिता येते. त्यापुढचा आकडा सीडीला माहीतच नाही. हे झाले छत.

आता ठेंगण्या छताच्या खोलीची कल्पना करा. खोलीत लहान मुले आहेत आणि एक उंच माणूस. सगळ्यांना एकेका स्टुलावर उभे केले, तर मुले उंच दिसतील, पण उंच माणसाचे डोके छताला आपटेल. त्याला मान वाकवून उभे राहावे लागेल. गाण्यात मुले म्हणजे हळू जागा आणि उंच माणूस म्हणजे ड्रमचा ठोका. सगळ्याच जागा मोठ्या करायच्या, तर ठोका दाबावा लागतो. हे काम करणाऱ्या साधनाला लिमिटर म्हणतात. त्याच्याही पुढे रेटले, तर लहरीचे शेंडे सरळ कापले जातात. त्याला क्लिपिंग म्हणतात आणि कानाला ते खरखर म्हणून जाणवते.

यात हरवतो तो चढउतार. मैफलीत गायक खालच्या आवाजात आलाप भरत असतो आणि समेवर तबल्याची थाप पडते. ती थाप अंगावर येते, कारण तिच्याआधी शांतता होती. दोन्हींचा आवाज सारखाच केला, तर थाप ऐकू येईल, पण अंगावर येणार नाही. रॉकमध्येही हेच आहे. संथ गिटारीनंतर सगळी वाद्ये एकदम कोसळतात, तो क्षण चढउतारावर उभा असतो.

दाबणे हेच मुळात वाईट, असे मात्र नाही. रॉक संगीताचा घट्टपणा बराचसा त्यातूनच येतो आणि प्रत्येक अल्बममध्ये ते थोडेबहुत असतेच. मेटॅलिकाचाच १९९१ चा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम भरदार आहे, तरी त्यात ठोक्याला जागा आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे.

इतका मोठा आवाज कोणाला हवा होता?

याचे उत्तर आपल्या कानात आहे. अमेरिकेच्या ‘बेल लॅब्ज’मधले हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये मानवी श्रवणशक्तीचे आलेख प्रसिद्ध केले. आवाज लहान असताना कानाला खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी जाणवतात, आवाज वाढवला, की ते भरून येतात, असे त्यातून दिसले. म्हणून तेच गाणे थोडे मोठे केले, तर ते ‘मोठे’ न वाटता ‘भरदार’ आणि ‘स्पष्ट’ वाटते. फरक अगदी थोडा असेल, तर आवाज वाढला आहे हे लक्षातही येत नाही, फक्त गाणे सरस वाटते.

संगीत कंपन्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. ज्यूकबॉक्समध्ये शेजारच्या तबकडीपेक्षा आपली तबकडी हळू वाजू नये, रेडिओवर आपले गाणे फिके पडू नये, ही धडपड जुनीच. पण तबकडीवर खाच किती खोल आणि रुंद कोरता येईल, याला मर्यादा होती. १९८२ मध्ये सीडी आली आणि १९९० च्या दशकात संगणकावरचे लिमिटर आले, तेव्हा हा धरबंद सुटला. प्रत्येक अल्बम आधीच्यापेक्षा मोठा. या चढाओढीला ‘लाउडनेस वॉर’ असे नाव पडले.

मेटॅलिका यात एकटी नव्हती. ‘रेड हॉट चिली पेपर्स’च्या १९९९ मधल्या ‘कॅलिफोर्निकेशन’वर हीच टीका झाली, आणि त्याचेही निर्माते रिक रुबिनच होते. ‘द स्टूजेस’च्या १९७३ च्या ‘रॉ पॉवर’चे नवे ध्वनिमिश्रण इगी पॉप यांनी १९९७ मध्ये जाणूनबुजून कमालीचे मोठे केले. ‘रश’ या कॅनडाच्या बँडचे उदाहरण सर्वात बोलके. २००२ च्या ‘व्हेपर ट्रेल्स’चा ध्वनी त्यांच्या स्वत:च्याच मनाला लागून राहिला आणि २०१३ मध्ये त्यांनी संपूर्ण अल्बम नव्या ध्वनिमिश्रणासह पुन्हा काढला.

स्ट्रीमिंगने काय बदलले?

ही चढाओढ कोणी आवाहन केल्यामुळे थंडावली नाही. ती थंडावली मोजमापामुळे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये ध्वनीची कानाला जाणवणारी पातळी मोजण्याची पद्धत निश्चित केली. पूर्वी फक्त लहरीचे सर्वात उंच टोक मोजले जाई. नव्या पद्धतीत गाणे एकूण किती मोठे भासते, हे मोजले जाते. त्याचे एकक एलयूएफएस.

पहिला उपयोग झाला दूरचित्रवाणीत. मालिका मध्येच थांबते आणि जाहिरात किंचाळू लागते, हा अनुभव जगभराचा. अमेरिकेत जाहिरातीचा आवाज कार्यक्रमापेक्षा मोठा नसावा, असा कायदा २०१० मध्ये झाला आणि डिसेंबर २०१२ पासून लागू झाला. भारतातही केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांत जाहिरातीचा आवाज अवास्तव मोठा नसावा, अशी तरतूद आहे.

मग संगीताच्या ॲपनी हीच पद्धत उचलली. ‘स्पॉटिफाय’ नेहमीच्या सेटिंगमध्ये सगळी गाणी उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणते. ‘यूट्यूब’ही त्याच पातळीपेक्षा मोठी गाणी खाली उतरवते. ‘ॲपल म्युझिक’मध्ये हेच काम ‘साउंड चेक’ करते. समजा, एखादे गाणे दाबून दाबून उणे ८ पर्यंत नेले असेल, तर ॲप ते ६ डेसिबलने खाली ओढते. मोठेपणाचा फायदा जातो आणि दाबल्यामुळे झालेली इजा तेवढी मागे उरते. शेजारी चढउतार राखलेले गाणे आले, तर त्याचा ठोका अधिक ठसठशीत ऐकू येतो.

गेममध्ये तर अशी शिस्त असावीच लागते. पावलांचा आवाज आणि स्फोट यांत अंतर नसेल, तर खेळणाऱ्याला काही कळणार नाही. ‘सोनी’ने घरगुती प्लेस्टेशनवरच्या गेमसाठी उणे २४ आणि हातात धरून खेळायच्या यंत्रांसाठी उणे १८ एलयूएफएस अशी पातळी सुचवली आहे. छोट्या यंत्रासाठी आवाज मोठा, कारण ते गोंगाटात वापरले जाते. उलरिक गाडीचे उदाहरण देत होते, त्यातही तथ्य होते ते इतकेच. इंजिनाच्या आणि रस्त्याच्या आवाजात हळू जागा बुडून जातात आणि दाबलेले गाणे तिथे सोयीचे ठरते. पण ती सोय गाडीतल्या यंत्राने करावी. अल्बमवरच ती कायमची कोरली, तर घरी शांतपणे ऐकणाऱ्याकडे उपाय उरत नाही.

आपले मत खरोखर कितपत आपले?

इथे हा जुना वाद आजच्या खरेदीपर्यंत येतो. दुकानात दोन इअरफोन कानाला लावून पाहिले, तर फोनचा आवाज तोच असूनही एक मोठा वाजतो आणि दुसरा लहान, कारण त्यांची संवेदनक्षमता वेगळी असते. मोठा वाजणारा बहुतेकांना आवडतो. ‘बेस दमदार आहे’, ‘गायन स्पष्ट आहे’ अशी कारणे मागाहून सुचतात. महागडा असेल, तर किमतीचेही समर्थन मिळते. प्रत्यक्षात दुसऱ्याचा आवाज दोन घरे वाढवला असता, तर निकाल उलटलाही असता.

‘डॉल्बी ॲटमॉस’चेही तसेच. ‘ॲपल म्युझिक’ने जून २०२१ मध्ये ही सुविधा आणली. तिच्यासाठीची गाणी उणे १८ एलयूएफएसपेक्षा मोठी नसावीत, अशी अट आहे. साध्या स्टिरिओ प्रती बहुधा याहून बऱ्याच मोठ्या असतात. आवाज सारखा न करता दोन्हींची तुलना केली, तर ॲटमॉस फिके वाटू शकते आणि ‘काही अर्थ नाही त्यात’ असे मत घाईने बनते. जुन्या अल्बमची ‘रीमास्टर्ड’ प्रत पहिल्या फटक्यात सरस वाटते, त्यामागेही अनेकदा वाढवलेला आवाज असतो.

म्हणून ‘गिटार हीरो’चे प्रकरण मोलाचे. हजारो सामान्य श्रोत्यांनी तिथे उलटी निवड केली. मोठी प्रत अधिकृत होती, ग्रॅमी मिळवणाऱ्या निर्मात्याची होती, बँडच्या पसंतीची होती. तरीही शेजारी दुसरी प्रत मिळताच त्यांनी लहान आवाजाची, मोकळी प्रत निवडली. श्रोत्यांना मोठाच आवाज हवा असतो, हा उद्योगाचा समज होता, कारण श्रोत्यांना दुसरे काही निवडायला दिलेच नव्हते.

कानाचे काय?

प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये फोन आणि संगीतयंत्रांसाठी सुरक्षित श्रवणाचे मानक ठरवले. त्यानुसार प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. लहान मुलांसाठी ही पातळी ७५ डेसिबल आहे. पुढचा हिशेब कडक आहे. दर ३ डेसिबलला ध्वनिऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा होतो. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला फक्त ५.

सपाट केलेल्या गाण्यात कानाला उसंत नसते. फोनचा आवाज त्याच घरावर असला, तरी चढउतार असलेल्या गाण्यापेक्षा दाबलेल्या गाण्यातून कानात जास्त ऊर्जा जाते. लोकलमध्ये किंवा बसमध्ये बाहेरचा गोंगाट झाकण्यासाठी आपण आवाज वाढवतो आणि स्थानकावर उतरल्यावर कमी करायला विसरतो, हा धोका वेगळाच. बाहेरचा गोंगाट अडवणारा इअरफोन घेण्याचे खरे कारण इथे सापडते. त्याच्या मदतीने गाणे लहान आवाजात ऐकता येते. तो घेऊनही आवाज तितकाच ठेवला, तर कानाच्या दृष्टीने काहीच कमावले नाही.

मग घरी पारख कशी करावी?

त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पहिली गोष्ट, संगीताच्या ॲपमधले ध्वनिपातळी समान ठेवणारे सेटिंग चालू आहे ना, ते पाहावे. वेगवेगळ्या अल्बमची तुलना मग समान पायावर होते. दुसरी, दोन इअरफोन किंवा स्पीकर तपासताना तुमच्या चांगल्या ओळखीचे एकच गाणे घ्यावे आणि जो मोठा वाजतो त्याचा आवाज दुसऱ्याएवढा होईपर्यंत खाली आणावा. फोनवर ध्वनी मोजणारी ॲप मिळतात. त्यांचा आकडा काटेकोर नसला, तरी दोन स्पीकर एका पातळीवर आणण्यापुरता चालतो. तिसरी, कोणते उपकरण वाजते आहे हे न पाहता ऐकावे. घरातल्या कोणाला तरी अदलाबदल करायला सांगावी. चौथी, सलग अर्धा तास ऐकावे. पहिल्या अर्ध्या मिनिटात झगमगाट जिंकतो, अर्ध्या तासाने कान थकला की नाही, हे कळते.

प्लॅस्टिकच्या त्या गिटारचे दिवस फार टिकले नाहीत. घरोघरी वाद्यांची अडगळ झाली, दरवर्षी नव्या आवृत्त्यांचा मारा झाला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये ॲक्टिव्हिजनने ‘गिटार हीरो’चा विभाग बंद केला. पहिला ‘गिटार हीरो’ घडवणारी ‘हार्मोनिक्स’ ही कंपनी २०२१ मध्ये ‘एपिक गेम्स’ने घेतली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ‘फोर्टनाइट’मध्ये तसाच खेळ परत आला. २०२४ च्या जूनमध्ये तिथे पाहुणे म्हणून आली ती मेटॅलिकाच.

अल्बम आवडला की नाही, हा ज्याचा-त्याचा प्रश्न आहे आणि तसाच राहावा. फक्त ‘याचा साउंड भारी’ म्हणण्याआधी एकदा आवाज सारखा करून ऐकावे. त्यानंतरही तेच मत राहिले, तर ते खुशाल ठासून सांगावे.